दोन झेंड्यांमधलं जहाज

तीर्थस्वरूप दाजींस सविनय नमस्कार.

ताईचे गुडघे आणि तुमचा आवाज, दोन्ही पूर्वीसारखेच असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही जिवंत आहोत. मजेत आहोत असं लिहायचा रिवाज आहे, पण तुम्ही हसाल. (तुम्ही तसेही हसताच. माझ्या लग्नात पंगतीत उभं राहून तुम्ही सांगितलं होतंत, की आमच्या मेहुण्याला उंच खुर्चीत बसून समुद्राकडे बघायचा पगार मिळतो. जीवरक्षकाच्या नोकरीचं इतकं थोडक्यात वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही.)

तर दाजी, त्या खुर्चीसमोर आता समुद्र उरलेला नाही. तिथे जहाज आहे. आदल्या रात्रीच्या वादळात इंजिन बंद पडून नांगर तुटलेलं एक मालवाहू जहाज गेल्या आठवड्यात सकाळी आमच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. एवढा लांबलचक किनारा मोकळा पडला होता, पण हे महाशय आले ते नेमके माझ्या दोन झेंड्यांच्या मध्ये. पोहणाऱ्यांनी या झेंड्यांच्या मधेच पोहावं अशी तिथे पाटी आहे, त्यामुळे नियमाने पाहिलं तर जहाजाचं काहीच चुकलेलं नाही. पोटात म्हणे संडासाची भांडी भरलेली आहेत आणि वर खलाशी, ज्यांना खाली उतरायची परवानगी नाही. त्यांचा स्वयंपाकी रोज कठड्याशी येऊन मला फडकं हलवून दाखवतो. मीही हात हलवतो. (नंतर कळलं, तो फडकं झटकत असतो.) हॉटेलं ओस पडली. समुद्राकडची खोली म्हणून ज्यांनी जादा पैसे भरले, त्यांना खिडकीतून गंजलेला पत्रा दिसतो. हवेला तेलाचा वास येतो, आणि भरती चढली की जहाज आतून कण्हतं. ते आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. बायको कूस बदलून म्हणते, "उठा, तुमचं पोरगं रडतंय."

माझंच पोरगं, कारण एवढी मोठी वस्तू दिवसाढवळ्या आल्यावर राखणदार काय करत होता हे कोणीतरी विचारणारच. साहेबांनी बोलावून विचारलं, शिट्टी का वाजवली नाही? मी म्हटलं, वाजवली. कधी? आता खोटं कशाला बोलू, जहाज वाळूला टेकलं तेव्हा. साहेबांनी पंखा मोठा केला. मग हुकूम निघाला, की महिनाअखेरीस सगळ्या जीवरक्षकांच्या डोळ्यांची तपासणी होईल, आणि नापास होईल त्याने खुर्ची सोडून गाड्यांच्या तळावर पावत्या फाडायच्या. सगळे म्हणजे आम्ही दोघं. त्यातला दुसरा त्या दिवशी सुट्टीवर होता, तेव्हा हुकूम कोणासाठी आहे ते किनाऱ्यावरच्या कुत्र्यांनाही समजलं आहे.

खरी हकिकत तुम्हालाच सांगतो. करड्या रंगाचं काहीतरी दिसत होतं, हे मी नाकारत नाही. मला वाटलं ढग आहे. चांगला भरलेला, कामाचा ढग. इतकी खात्री, की खुर्चीखाली चहाची गाडी लावणाऱ्या बाईंना मी वरून ओरडून सांगितलं, पाऊस येतोय, स्टोव्ह झाकून घ्या. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ढगाला खिडक्या असतात का?" तेव्हा मी शिट्टी वाजवली. जहाजाने ऐकलं नाही.

साहेबांनी बाईंनाही बोलावलं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मी चहा गाळत होते, मला काय दिसणार? धुकं होतं मेलं." धुकं अजिबात नव्हतं. परत आल्या, माझ्यापुढे कप आपटला आणि म्हणाल्या, "माझी नात पोहते इथं. काय ते बघा." आणि गाडीकडे वळल्या. एरवी त्या दिवसभर बोलतात, पण हे एवढंच लागलं. इतक्या वर्षांत माझ्या झेंड्यांमध्ये एकही माणूस गेलेलं नाही, दाजी. दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. आता झेंडे जहाजापासून थोडे बाजूला सरकवले आहेत, उरलेसुरले पाहुणे तिथे डुंबतात, आणि मी वर बसून ठिपके मोजतो. ठिपके कधी पाच भरतात, कधी सात.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं. आणखी काय लिहू?

आपला,
मेहुणा (अद्याप खुर्चीवर)

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलं. तुमच्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, तो सगळीकडे एकच असतो का? असल्यास त्यातल्या ओळी वरून खाली क्रमाने लिहून पाठवाव्यात. जरा ठळक आणि मोठ्या अक्षरात लिहा. कशाला हवं ते विचारू नका. पाठांतर माझं शाळेपासून चांगलं आहे.

पुन्हा ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं, ते बरं झालं. आज दुपारी जहाजाच्या शेपटीपाशी लाल टोपीचं एक डोकं वरखाली होताना दिसलं. मी उडी टाकली. अंगात अजून जोर आहे, दाजी, पाणी कापत गेलो. शिकवल्याप्रमाणे मागून धरलं, आणि "घाबरू नका, हातपाय सैल सोडा, मी आलोय" असं सारखं म्हणत किनाऱ्याला आणलं. पिंप होतं. जहाजावरून पडलेलं, रंगाचं, लाल झाकणाचं, रिकामं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्या बाई हसल्या नाहीत. मी पिंपाला धीर देत होतो तेव्हा त्यांची नात मागे, झेंड्यांच्या मध्ये, पाण्यात होती. तिला काही झालं नाही. पण झालं असतं तर ते कोणालातरी येऊन मला सांगावं लागलं असतं.

तेव्हा तक्ता पाठवू नका. तपासणीची वाट न बघता उद्या सकाळी साहेबांना मीच सांगतो. रविवारी तुमच्याकडे येतो, नंबर काढून द्या. पावत्या वाचायलाही चष्मा लागेलच. ताईला सगळं सांगितलंत तरी चालेल, फक्त पिंपाशी बोललो ते सांगू नका.