कादिरसाहेबांचा तक्ता

१० जानेवारी
ताप हटत नाही. हिवताप. डॉक्टर म्हणाले, बारा दिवस अंथरूण सोडायचं नाही. आणि पंचवीसला तपासणी! याच तपासणीवर मी कायम होणार की घरी जाणार हे ठरायचंय.
पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्याला सहा वर्षं होतील. तेव्हापासून हंगामीच आहे. शाळा उर्दूची मराठी झाली आणि मी, सिल्लोडचा शेतकऱ्याचा पोरगा, आपल्याच भाषेत कच्चा निघालो. सगळं शिकलो उर्दूतून. शिकवतो ते इंग्रजीसुद्धा.
नोकरी गेली तर सिल्लोडला थोरल्या भावाच्या दारात उभं राहायचं. त्यापेक्षा ताप बरा.

१२ जाने.
कादिरसाहेब आले. शाळेतले फारसीचे शिक्षक. आता फारसी बंद. मार्चमध्ये त्यांची मराठीची परीक्षा, नापास झाले तर नोकरी गेलीच. दोन वर्षं माझ्याकडं बाराखडी गिरवतात. वय चौपन्न.
म्हणाले, "मास्टरसाब, तुम्ही आराम करा. आपका क्लास मैं देख लेतुं."
"इंग्रजी येतं का?"
"ए बी सी आती. बाकी लफ्ज शकल देखके पैचानतुं."
हसलो. पण दुसरं आहे कोण? माझी हिरवी वही दिली. मॅट्रिकच्या वेळची, उस्तादांनी लिहवून घेतलेली. इंग्रजीतले जुळे शब्द, उच्चार एक आणि अर्थ भलतेच. प्रे आणि प्रे: एक प्रार्थना करणं, दुसरं सावज. व्हेन आणि व्हेन: एक शीर, दुसरा गर्विष्ठ. अशा दीडशे जोड्या, अर्थ उर्दूत. तपासणीला येणारे साहेब हेच विचारतात. का.सा. म्हणाले, मराठी अर्थ घालून मोठा तक्ता करतो, वर्गाकडून घोकून घेतो. त्यांचाही सराव होईल.

१६ जाने.
का.सा. तक्ता घेऊन आले. खाटेसमोर दोन्ही हातांनी उलगडून धरला. काय अक्षर! जन्मभर फारसी लिहिलेला हात, नागरीलाही वळण आलंय. एक वेलांटी चुकली होती तेवढी सांगितली. छान म्हणालो आणि डोळे मिटले. अंगात एकशे तीन ताप होता.
त्यांनी आणखी एक प्रत काढलीय म्हणे. कशाला, ते विचारलं नाही.

२४ जाने.
उठलो. पाय लटपटतात. का.सा. रजा टाकून बिडकीनला गेले, मुलगी बाळंत व्हायचीय. वर्गात डोकावून आलो. पोरं तक्ता घडाघडा म्हणतात असं हेडमास्तर म्हणाले. मी ऐकायला थांबलो नाही, उभं राहवेना.

२५ जाने.
सगळं संपलं.
साहेबांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, मान डोलावली. "अक्षर सुरेख आहे." मग वर्गाला विचारलं, "आयडल, शेवटी एल-ई असलेला. अर्थ?"
चाळीस पोरं एका सुरात: "मूर्ती!"
"आणि ओ-एल असलेला?"
"आळशी!"
साहेबांना आधी वाटलं पोरं गोंधळली. मग एकेक जोडी विचारत गेले. एकेक उलटी. पोरं आणखी जोरात ओरडू लागली, आपण जिंकतोय असं वाटून. इतकं चोख पाठांतर मी कधी करून घेतलं नव्हतं.
साहेब माझ्याकडं वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"


२६ जाने.
झेंडावंदन. हे.मा. माझ्याशी बोलले नाहीत.
घरी येऊन हिरवी वही पुढ्यात घेतली. पाच मिनिटांत उलगडलं. वहीत इंग्रजी जोडी डावीकडून लिहिलेली, खालच्या ओळीत उर्दू अर्थ उजवीकडून. म्हणजे डाव्या शब्दाचा अर्थ उजव्या टोकाला. उर्दू वाचणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही, मला कधी दिसलं नाही. का.सां.नी काय केलं, उर्दू अर्थ जिथं होता नेमक्या त्याच जागी मराठी अर्थ लिहिला. जागा तसूभर हलवली नाही. आता ती ओळ डावीकडून वाचायची झाली आणि प्रार्थनेखाली सावज आलं.
त्यांना इंग्रजी येत नाही. मला येतं. तक्ता माझ्या तोंडासमोर धरला होता त्यांनी! मी वेलांटी पाहत बसलो. गाढव आहे मी.

२८ जाने.
शिक्षण कचेरीचं पत्र. आठ दिवसांत लेखी खुलासा: तक्ता कोणी तयार केला.
हे.मा.नी दार लावून सांगितलं, "कादिरचं नाव लिहा. त्यांना तसंही मार्चला जायचंच आहे. तुम्ही तरी वाचा."
घरी बायकोला, इंदूला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "खरं ते लिवा की. तुमी केलंय व्हय ते?"
"पाहिलं तर मीच ना."
"तापात व्हता तुमी."
भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुमच्या आजारपनात रोज पेज पाठवली कादिरसाहेबांच्या घरनं. तेबी ध्यानात ठिवा." म्हणजे काय लिहू, बाई?

३१ जाने.
दोन खुलासे लिहून फाडले. एकात मी भित्रा दिसतो, दुसऱ्यात मूर्ख. भीती वाटते. उघड लिहितो, फार भीती वाटते. सिल्लोड, भाऊ, वहिनीची नजर.

२ फेब्रु.
खुलासा दिला. "तक्ता माझ्या हातचा. तापात केला." खाली सही. कचेरीतून बाहेर पडलो आणि गुलमंडीपर्यंत चालत आलो. खोटं आहे, पण निदान एकच घर बुडेल.

३ फेब्रु.
का.सा. परतले. नातू झाला, पेढे घेऊन आले. तपासणीचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.
"मास्टरसाब, एक बात सांगायची राहिली. तक्त्याची दुसरी कापी मी कचेरीत पाठवली. नोकरी टिकवायच्या अर्जासोबत. म्हटलं, साहब देखेंगे, बुढ्ढा मराठी शिकला."
मी पेढा तोंडात धरून बसलो.
"नीचे अपना नाम डाला. आणि तुमचंबी. उस्ताद म्हणून."
कधी पाठवली? बिडकीनला निघायच्या आदल्या दिवशी. म्हणजे माझा खुलासा आणि त्यांचा तक्ता एकाच कचेरीत. मी खोटारडा, ते दोषी, दोघंही जाणार. बुडालं सगळं.
"तपासणीला साहेबांनी वर्गातला पाहिला? पसंत पडला?"
म्हणालो, अक्षर सुरेख आहे म्हणाले. तेवढंच खरं होतं.
इतके खूष झाले की मला पुढं बोलवेना.

४ फेब्रु., सकाळ
रात्रभर डोळा नाही. कचेरी अकराला उघडते. जाऊन सगळं खरं सांगायचं ठरवलंय, हिरवी वही उघडून दाखवायची, कोणती ओळ कुठून वाचायची ते. साहेब ऐकतील की बाहेर काढतील, देव जाणे.
का.सां.ना निरोप धाडला होता, साहेबांना भेटायचंय, बरोबर चला. आत्ता दारात उभे आहेत. ठेवणीतली शेरवानी, अत्तर. त्यांना वाटतंय शाबासकीला चाललोय.
इंदू आतून खुणावतेय, सांगा आधी.
रस्त्यात सांगीन.