चिपी ते नांदेड, सरळ रेषेत

जुईनगर, रविवार

तीर्थरूप हौसेराव दाजींना नंदूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. (ताईला विचारलं तर "त्यांनाच विचार" म्हणाली, म्हणजे देत नसावा.) आम्ही सगळे मजेत. फोनच केला असता, पण सध्या या घरात कुणाच्या कानावर न पडता बोलायला जागा नाही.

कुडाळच्या आपल्या सत्यभामाआत्याची नजर अधू होत चाललीय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "नंदू, दिसतंय तोवर मालतीला एकदा बघू दे." नांदेडच्या मालतीआत्याशी, म्हणजे सख्ख्या धाकट्या बहिणीशी, तिचा कित्येक वर्षांचा अबोला. (मालतीआत्याच्या प्राचीच्या लग्नातल्या फोटोत थोरलीला मागच्या रांगेत उभं केलं, म्हणून. त्या फोटोत मी दिसतच नाही, पण मी काही बोलणं टाकलं नाही.) मी लगेच मोबाईलवर चिपी आणि नांदेड या दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या जरा वर. तासाभरात पोचवतो, असं मी दोघींना कळवून टाकलं. मीनाने विचारलं, "पण विमान आहे का?" अंतर आहे तिथे विमान असणारच, हे माझं मत. ते चुकीचं नव्हतं, फक्त जरा अपुरं होतं.

थेट विमान नव्हतंच. मग चिपीहून आधी आमच्याकडे, एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी नवी मुंबईच्या विमानतळावरून नांदेड, असं ठरवलं. आत्या पहिल्यांदाच विमानात बसली आणि उतरल्यावर म्हणाली, की नांदेडला जायला निघालेली बाई नांदेडपासून इतकी लांब कशी आली. मी तिला नकाशा दाखवला. तिला तो नीट दिसला नाही, त्यामुळे वाद वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन विमानतळाच्या दारात पोचतो, तोच माझा फोन वाजला. मालतीआत्या होती. "नंदू, तिला आत सोडू नकोस. मी इथे उतरलेय." आदल्या दिवशी थोरली इथवर आल्याचं मीच तिला कळवलं होतं. तिने एवढी वाट तुडवली, उरलेली मी तुडवते, म्हणून बाई नातवाकडून, तेजसकडून, तिकीट काढवून आली होती. मी सत्यभामाआत्याला गर्दीतून खाली, उतरलेली माणसं बाहेर येतात त्या दाराशी नेलं. ती मालतीच्या अगदी जवळ गेली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"म्हातारी झालीस गं," ती म्हणाली.

"म्हणजे दिसतंय तुला," मालतीआत्या म्हणाली आणि रडायला लागली. मीही जरा बाजूला जाऊन ट्रॉली नीट लावली.

एकंदरीत भेट घडली. अंतराचा हिशेब बरोबर होता, हे तुम्ही ताईला सांगालच.

आपला,
नंदू

ता. क. आता मुद्द्याचं. दोघी परत विमानात बसायला तयार नाहीत. हॉल त्यांचा झालाय, पार्थचं बारावीचं वर्ष आहे आणि मी गॅलरीत झोपतो. तुम्ही जीप घेऊन या आणि दोघींना तुमच्याकडे कोरेगावला न्या. ताईला आधी सांगू नका.

ता. क. दुसरा : मीनाने वरचं वाचलं. म्हणते, आत्या कुठेही जाणार नाहीत, लग्नानंतर पहिल्यांदा तिला आयतं जेवण मिळतंय. जीप मात्र आणा. मी येतोय.