निनादचं विरजण

३ एप्रिल, गुरुवार

आधी आला तो सत्यजीत, आणि तोही चुकून सुनंदाच्या दारात! तिने काय करावं? सरळ आत बसवून कोकम सरबत दिलं. मी इकडे सकाळपासून पदर खोचून पोह्यांची तयारी करतेय आणि पाहुणा शेजारी सरबत पितोय. शेवटी निनाद धावला. मागून ती रिया मॅडम — केस मुलासारखे कापलेले, पण वाकून नमस्कार केला हं मला. तिथेच माझी झाली ती.

हे दोघे पैसे घालून नवे धंदे उभे करणारे. निनादला हात द्यायचा की नाही, ते हे ठरवणार. धंदा काय, तर किडे! डोळ्यांना न दिसणारे. पाण्यातली घाण खातात आणि पाणी साफ करतात. माझा नातू आणि त्याची पार्टनर मिताली, दोघांनी तीन वर्षं प्रयोगशाळेत बसून वाढवले. आमच्या घरामागचा काळा नाला पुढे खाडीला मिळतो, तो आधी साफ करायचा असं पोरांच्या मनात आहे. मी लग्न होऊन रोडपालीत आले तेव्हा त्या नाल्यात पोरं निवट्या, चिखलातले मासे, धरायची. आता खिडकी उघडली तर ताटातल्या वरणाची चव जाते.

सत्यजीत पोहे खाता खाता म्हणाला, "लॅबमध्ये काय, सगळंच जगतं. साध्या घरात, साध्या माणसाच्या हातात जगतं का, ते दाखवा." मग ठरलं. एक निळं पिंप आमच्या अंगणात तीन आठवडे ठेवायचं. निनाद-मितालीने हात लावायचा नाही. मग सांभाळणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले!

चौथी शिकलेली मी. आणि माझी परीक्षा!

चोवीस तारखेला, गुरुवारी, परत येऊन बघणार म्हणालेत.

४ एप्रिल

सुनंदा विचारते, "पाहुण्यांना सरबत आवडलं का हो?" मी म्हटलं, पोहे आवडले.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सुंठवडा केला. पिंपासमोर पण चिमूटभर ठेवला — आत नाही टाकला, उगाच कुणी म्हणायला नको.

निनादने सगळं समजावलं. रोज एक तांब्या गुळाचं पाणी. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जातं म्हणे. मग काठीने हलवायचं. वर फेस आला की समजायचं, मंडळी खुशीत आहेत. मी म्हटलं, "अरे, हे तर विरजणच!" तर हसला आणि म्हणाला, "आजी, हेच त्या सत्यजीतला कळायला दोन महिने लागले."

उद्या निनाद-मिताली हैदराबादला निघाले. तिथे कसलंसं मोठं शिक्षण आहे, चोवीसला सकाळीच परत.

जाताना हळूच म्हणाला, "आजी, गुडगावची नोकरी आलीय. पंचवीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय. हे पाहुणे नाही म्हणाले तर मी जातो." मी हसले. म्हटलं, जातोस कुठे, मी दही लावलं आणि लागलं नाही असं झालंय कधी?

८ एप्रिल

फेस! हा असा, ताकावर येतो तसा. वास थोडा आंबूस, मातीचा. मला आवडतो. माझ्या लेकाला, स्वानंदला, नाही आवडत. न्हावा शेव्याहून रात्रपाळी करून आला, नाकाला रुमाल लावून म्हणतो, "आई, लोकांच्या आया पोपट पाळतात." निनादने नोकरी धरावी असं त्यालाच जास्त वाटतं. बाप आहे, चुकतं असंही म्हणवत नाही.

भागी मासळी घेऊन आली. बोंबील बरे होते. भागी मागच्या आळीत राहते, नाल्याच्या कडेला. मासळी धुतलेलं पाणी तिच्या दारातल्या खड्ड्यात जातं. त्या खड्ड्याचा वास म्हणजे... सुनंदा तर दोनदा भांडून आली. मी भागीला एक लोटीभर काढून दिलं. म्हटलं, "हे विरजण तुझ्या खड्ड्यात टाक. वास गेला तर गेला."

"काय गो रमाबाय, खड्ड्याचा दही लावतेस काय?"

हसत हसत घेऊन गेली. आमच्या आईची शिकवण आहे, विरजण एकटं ठेवू नये. शेजारी द्यावं. आपलं नासलं तर मागायला दार राहतं.

११ एप्रिल

भागी लेकीकडे गेली, उरणकडे. तिथे हनुमान जयंतीची जत्रा. आठवडाभर मासळी नाही. स्वानंद खूश. त्याला बोंबिलाचा वासही सोसत नाही, आगरात, खाडीकाठी जन्मून!

१४ एप्रिल, सोमवार

कालपासून नळाला चहासारखं पाणी. कुठे तरी रस्ता खोदलाय म्हणे, पाइप फुटला. सगळ्या आळीत बोंब. मी काय, तुरटी काढली, काल भरून ठेवलेल्या बादलीत सात वेळा फिरवली. तासाभरात गाळ तळाला, वर पाणी काचेसारखं. असलं गढूळ पाणी त्या बिचाऱ्यांना कसं घालू? छान नितळ तेवढं गुळात कालवून घातलं. उद्यासाठी पण तुरटी फिरवून ठेवलंय.

१५ एप्रिल

पिंपातलं पाणीसुद्धा नितळलं! आरपार दिसतंय. मला इतका आनंद झाला. म्हटलं बघा, मंडळी कामाला लागली.

१६ एप्रिल

फेस नाही.

१७ एप्रिल

फेस नाही. गूळ दुप्पट घातला. काठीने हलवलं तर तळातून चिखलासारखं उठतं आणि परत खाली बसतं. वास बदललाय. बंद कपाटासारखा येतो.

निनादचा फोन. "आजी, कशी आहेत तुझी मंडळी?" मी म्हटलं, मजेत. तोंडातून निघून गेलं. आता परत कसं घेऊ? दिवसभर जेवण गेलं नाही. पिंपाला गोधडी गुंडाळली, गारठली असतील म्हणून. एप्रिलात! सुनंदा कुंपणावरून बघत होती. 

१८ एप्रिल

स्वानंदलाच विचारलं. त्याने पिंपात बघितलं, विचारलं, पाणी कुठलं घातलंस? मी तुरटीचं सांगितलं.  मग हळू म्हणाला, "आई, तुरटी कशासाठी फिरवतात? पाण्यातलं सगळं तळाला बसवायला. ते सगळं म्हणजे यांचे किडेच की गं."

वाटलं होतं, हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. पंख्याखाली बसून राहिला.

पन्नास वर्षं तुरटी फिरवली. कुणाचं काही वाईट झालं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

निनादला सांगितलं. फोनवर मला रडूच फुटलं. मग म्हणाला, "आजी, रडू नकोस. मीच पाणी कसलं ते नीट सांगायला हवं होतं." तुमच्या प्रयोगशाळेतून नवीन आणून घालू का विचारलं, तर म्हणाला, "नाही गं. साध्या माणसाच्या हातात जगतं, हेच तर दाखवायचं होतं. आता नवीन घालणं म्हणजे खोटं. आणि ही माणसं तिसऱ्यांदा येत नाहीत."

मी साधं माणूस. माझ्या हातात नाही जगलं.

पिंप तसंच आहे. गूळ घालायची वेळ झाली की हात आपोआप डब्याकडे जातो.

२० एप्रिल

भागी परवाच आलीय, मला कळलंच नाही! कळावं कसं, वासच नाही. सुनंदा सांगत होती, "या बयेने मासळी विकायची सोडली की काय?" मी पाय ओढत गेले बघायला. भागी ओसरीवर कोळंबी सोलत बसलेली. खड्डा शेजारीच. वर फेस! हा असा, ताकावरचा! पाणी खाली नाचणीच्या आंबिलीसारखं, आणि वास आंबूस, मातीचा. माझ्या मंडळींचा वास! मी ओळखला ना, आठ दिवस नाकाने सांभाळलेत.

"भागे, त्यात काय घातलंस?"

"मना काय म्हाईत! तुजी ती लोटी टाकली व्हती. मंग जत्रेला गेलू. मासल्याचा पानी जाते, दुसरा काय नाय."

मी तिथेच पायरीवर बसले. तिने पाणी दिलं. 

२१ एप्रिल, सोमवार

मितालीने शिकवलेला तो दिसणारा फोन लावला आणि खड्डा दाखवला. तिकडे दोघं ओरडायला लागले! मिताली रडत होती. निनाद म्हणतो, "आजी, कुणी शिकवलं नाही, कुणी मोजलं नाही, वर मासळीचं पाणी — आणि जगलं! सत्यजीतला याहून जास्त काय हवंय?" लगेच त्याने पाहुण्यांना फोन केला. अर्ध्या तासात त्याचा मला परत फोन आला, की रिया मॅडम म्हणाल्या, पिंप राहू दे, आम्ही थेट त्या बाईंचा खड्डा बघू. आहे तसा.

मी म्हटलं, एक लोटी इकडे पण आणून ठेवते. तर म्हणतो, "नको आजी! तू तर नकोच!" मग हसला. मीही हसले. "त्या बाईंना काही सांगू नकोस. रोज करतात तसंच करू दे. मी आलो की नमुना घेईन."

स्वानंद जेवताना म्हणाला, "गुडगावला उन्हाळा फार असतो, नाही?" बस, एवढंच. मला कळलं काय ते.

आज दही पण काय लागलंय! सुरीने कापावं असं.

२२ एप्रिल

सांगितलं नाही. म्हणजे भागीला किड्यांचं नाही सांगितलं. पाहुणे येणार तेवढं सांगितलं. ते तर सांगायलाच हवं! बाईमाणसाचं घर, ऐनवेळी चार माणसं दारात उभी राहिली तर तिची काय शोभा? ती मला काय म्हणेल?

"माजा खड्डा बघाया? मोटारीनशी?" भागी तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. मग एकदम गंभीर. "साडी कंची नेसू?" मी म्हटलं, हिरवी. खुर्च्या सुनंदाकडून आणू. सुनंदा पण लगेच म्हणाली, सरबत माझं! भांडण विसरली बघ. पोहे मी करणार. रिया मॅडमला तिखट चालत नाही, हे लक्षात ठेवलंय. आम्ही तिघी इतक्या बोललो, इतक्या बोललो, की दिवेलागण झाली ते कळलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

खुर्च्या पोचवायला भागीकडे गेले. लांबूनच फिनेलचा वास आला.

खड्डा पांढरा लख्ख. सगळं पाणी उपसून नाल्यात फेकलेलं. काथ्याने घासून, ब्लीचिंग पावडर मारून, दोनदा धुतलाय. कडेने रांगोळी. आत नवं पाणी आणि त्यावर झेंडूची फुलं. फेस नाही. भागीचे हात सोललेत.

"येऊंदे आता तुजे पावने, रमाबाय! नाव तं नाय ठेवनार?"

मी म्हटलं, "छान झालंय गो."

निनादची गाडी सकाळी सातला. पाहुणे उद्या, गुरुवारी, अकरा वाजता येणार म्हणालेत.