लिंबाचा चंद्र

मुरुम, पौर्णिमा, रात्र

ग्रहण सुटलं. अर्धं लिंबू अजून माझ्यासमोर आहे.

शेजारच्या जुबेदाला आठवा महिना, म्हणून सासूनं तिला ग्रहणभर खाटेवर सरळ निजवलेलं. दवाखान्यातून आल्यावर मी तिला समजावलं: कंदील सूर्य, मधे माझी मूठ पृथ्वी, पलीकडे लिंबू चंद्र. मुठीची सावली लिंबावर पडली तशी ती हसली. "म्हंजे आपलीच सावली व्हय, सिस्टर?"

मग तिला तहान लागली, आणि सरबतासाठी मी तेच लिंबू चिरलं. ग्रहणात, गरोदर बाईच्या उशाशी.

सासू ओरडली नाही. "तुमाला लेकरू न्हाय, तुमाला कशाचं भ्या? बाळंतपणाला आता दाईच येईल."

जुबेदाची पहिलीच खेप, रक्तदाब वाढतोय. दाईला ते कळणार नाही. हे तिथं सांगायचं, तर मी काय सांगितलं? सुरीचा सावलीशी संबंध नाही. बरोबरच होतं. उपयोग काय?

रोज या वेळी जुबेदा मधल्या भिंतीवर बांगडी वाजवते, मी इकडून चमचा. आज मीच आधी वाजवला. दोनदा.

चंद्र केव्हाच अख्खा झाला. अर्ध्या लिंबाचं सरबत करून मीच पिणार आता.