हँडल कोणी वर केलं

अप्पा, मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. तुमच्या सायकलचं हँडल काकांनी वर केलं नव्हतं, मी केलं होतं. ते पत्रही कुठे धाडायचं नव्हतं, तरी खरं लिहायला हात धजला नाही.

पाँडिचेरीपर्यंत जायचं म्हणून मी लांब पल्ल्याची सायकल बघतेय. ऑफिसात बसून मान धरते, म्हणून हँडल निदान सीटच्या उंचीचं हवं. चार दुकानं झाली, प्रत्येक ठिकाणी टेप लावून मापं वहीत लिहिली. काल गिंडी भागातला दुकानदार हसला, "अम्मा, नवरा बघतानाही कोणी इतकी मापं घेत नाही!" एका सायकलचं हँडल मी अजून थोडं वर करायला सांगितलं. त्यानं हँडलची दांडी ओढून तिच्यावर कोरलेली आडवी रेघ दाखवली. "ही दिसली की थांबायचं. याच्यावर नेलं तर आत धरायला काही उरत नाही. चालत्या सायकलचं हँडल हातात येईल." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

त्या पायरीवर मी पुन्हा बारा वर्षांची आहे. तुम्ही दिवसभर कारखान्यात लेथवर वाकता, परतताना सायकलवर पुन्हा वाकता, आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात आई तुमच्या पाठीला तेल चोळते. त्या रविवारी काका सायकलच्या चेनला तेल घालून गेले, तुमचा पाना बाहेरच राहिला. मी हँडल चार बोटं वर घेतलं आणि जीव खाऊन आवळलं. सोमवारी तुम्ही विचारलंत, "हे कोणी केलं?" तुमच्या हत्यारांना हात लावायची मला मनाई होती. मी म्हटलं, "काकांनी." तुम्ही म्हणालात, "बरं केलंन. पाठ सरळ राहते." बुधवारी पुलाच्या उतारावर हँडल निघालं. मागून बस येत होती.

तेराव्याला आई सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातानं गेले ते. पुन्हा या घराची पायरी चढू नका." काकांनी माझ्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि गेले. सोळा वर्षं झाली. आई अजून त्यांचं नावही घेत नाही.

शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला घरी शिकवलंत, अक्षरं आणि मापपट्टी. न कळलेली खूण मी न विचारता ओलांडली की सगळी पाटी पुसायला लावायचात. मला लहान समजून माफ करू नका, अप्पा. ती रेघ मला तेव्हाही दिसली होती. दांडीबरोबर वर आली होती, आणि मी विचारलं नाही.

काकांना हल्ली कमी दिसतं. आवडी नावाच्या उपनगरात मुलाकडे असतात. आईला एकटीला सांगायची हिंमत नाही, म्हणून तिला घेऊनच त्यांच्याकडे जाईन आणि दोघांसमोर एकदाच बोलेन. ती आली नाही तर एकटी. येत्या शनिवारी, सकाळी नऊच्या गाडीनं.