गोळ्यांनी विरघळलेली गाठ

बुधवार, ११ तारीख

लाडक्या धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मुलीचा खोकला गेला का? आम्ही दुकान हल्ली अर्धाच दिवस उघडतो. परवा तुझ्या भाऊजींनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच बेतल्या. गिऱ्हाईक ओळखीचं, त्याने हसण्यावारी नेलं.

त्यांच्या डोक्यातल्या गाठीचं तू विचारलंस. मी मागे लिहिलं होतं, मेंदूच्या आवरणावरची साधी गाठ आहे, काढली की झालं, तू रजा घालवू नकोस. तेव्हा ते खोटं नव्हतं. फोटो बघून डॉक्टरही तेच म्हणाले होते.

ऑपरेशनआधी सूज उतरायला त्यांनी गोळ्या दिल्या. अरे, आठ दिवसांत माणूस पूर्वीसारखा! सुईत दोरा ओवला, कारागिराला ओरडले, भाजीत मीठ कमी म्हणून माझ्यावर घसरले. मी म्हटलं, गोळ्यांनीच भागतंय तर डोकं कशाला उघडायचं? डॉक्टर नको म्हणत असताना हट्टाने ऑपरेशन पुढे ढकलायला लावलं. मीच. महिन्याने पुन्हा फोटो काढला, तर गाठ निम्मी. मी तिथेच टाळी वाजवली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, साधी गाठ या गोळ्यांनी अशी विरघळत नाही. विरघळते ती वेगळी असते."

धाकट्या, तो लिम्फोमा आहे. कॅन्सरच. तुकडा तपासायला घ्यायचा, पण गोळ्यांनी विरघळत्या गाठीत काही सापडत नाही म्हणे, म्हणून गोळ्या बंद केल्या आणि वाट बघत बसलो. कशाची, तर गाठ वाढायची! त्या दिवसांत त्यांचा उजवा हात जड होत गेला. उपचार आहे म्हणतात, कडक आहे, सोमवारी सुरू करायचा. पण तो महिना मी घालवला, तो काही परत येत नाही. दमले रे मी.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज विचारतात, "काय निघालं गं?" मी म्हणते, साधीच. मान डोलावतात आणि पुन्हा हातातलीच कात्री शोधायला लागतात. सोमवारी सही त्यांचीच लागणार, त्याआधी सांगायला हवं. माझ्याने होत नाही. तुझं ते ऐकतात.

हे पत्र तिकडे निघालेल्या गिऱ्हाईकाच्या हातीच देते आहे, उद्या मिळेल. मिळालं की फोन करू नकोस. ते शेजारीच बसलेले असतात, तू विचारलंस तर मी तुलाही साधीच म्हणेन. रविवारी पहिल्या गाडीने ये. दार मी उघडेन, बोलायचं तू.

तुझी,
ताई