ताप उतरला त्या दिवशी

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितोय. अक्षयाताई वाचून दाखवेल. ताई, मधलं काही गाळू नको.

मी आता हैदराबादेत आहे. दाभोळची बोट सोडली, मग गोव्याचं हॉटेल सोडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. सहावी नापासाला आणखी काय मिळणार? पण चार महिने टिकलोय, हे ऐकून तुम्हाला खोटं वाटेल. रविवारी खोलीवर मराठी बोलायला कोणी नसतं. मग आपल्या वाडीतल्या घरांची नावं एका टोकापासून घेत जातो. आपलं घर आलं की थांबतो.

इथे झाडपाल्याचा अर्क काढून डेंगूच्या विषाणूवर टाकून बघतात. पहिल्याच आठवड्यात सुकत घातलेल्या ताटातलं एक पान मी चाखलं नि तोंड कडूजहर झालं. किराईत! आपल्या परसातलं, तापाच्या काढ्यासाठी तुम्ही पहाटे कोणाशी न बोलता काढून आणायचात तेच. मोठ्या मॅडम आधी चाखल्याबद्दल ओरडल्या, मग बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, काचेच्या बशीत हा अर्क टाकला की विषाणू कमी वाढतो.

बाबा, त्या क्षणी धावत घरी यावंसं वाटलं. आईच्या बाराव्याला सगळ्या भावकीसमोर मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमच्या गवताच्या पाण्याने तिला मारलं.

पण मॅडम पुढेही बोलल्या. बशीत जमलं ते माणसात जमेलच असं नाही, किती द्यायचं, कोणाला सोसेल, हे कळायला अजून बरीच वर्षं जातील. आणि डेंगूत ताप उतरतो तेव्हाच काहींचा खरा धोका सुरू होतो. पोट दुखतं, उलट्या होतात. तेव्हा तडक दवाखानाच गाठायचा, सलाईन लागतं. त्या दिवशी मी एकच बाटली किती वेळा विसळली कोण जाणे.

आईचा तापही असाच चौथ्या दिवशी उतरला. तुम्ही खूश होऊन राजापूरला बाजाराला गेलात. मी पडवीत होतो. तिने आत बोलावलं, पोटात फार कळा येतायत म्हणाली. रिक्षा आणतो म्हटलं तर माझा हात धरला.

“बाबांना सांगू नको हां. काढा चालू असताना दुखणं बोललं की गुण जातो.”

आपल्या घरची रीतच ती. मी गप्प बसलो, आणि बसवेना म्हणून क्रिकेट बघायला गेलो. तुम्ही रात्री परत आलात तेव्हाही बोललो नाही. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, बाबा. मला होतं.

ताईने कळवलं, तुम्ही परसातलं सगळं किराईत उपटून टाकलंत, दारी औषधाला आलेल्याला तसंच परत पाठवता, जेवायलाही हाक मारावी लागते. म्हणून हे पत्र. आईला तुमच्या काढ्याने मारलं नाही. माझ्या गप्प बसण्याने ती गेली. किराईत परत लावा. तापाचा माणूस आला तर आधी दवाखान्यात पाठवा, आणि ताप उतरला की त्याच्या घरी जाऊन विचारा, पोटात दुखतंय का. ती रीत तुम्हीच मोडा. आणि मला शिव्या घालायला तरी एकदा फोन उचला.

तुमचाच,
लवू